ल्यूटची वरची तार

आमच्या धंद्यात शिट्टी म्हणजे शरम. कार्यक्रम रंगात आलेला असतो आणि स्पीकरमधून एकदम कुईंऽऽ असा आवाज निघतो. लोक कानांवर हात ठेवतात, तान्ही मुलं रडायला लागतात आणि सगळ्या माना साउंडवाल्याकडे वळतात. कारण तसं साधं आहे. माईक समोरच्या माणसाचा आवाज ऐकतो आणि स्पीकरला देतो. माईक गरजेपेक्षा जास्त उघडला, तर त्याला स्पीकरमधून आलेला आवाजही ऐकू यायला लागतो. तो तोही स्पीकरला देतो, स्पीकर पुन्हा माईकला. स्वतःचंच बोलणं ऐकून चेकाळलेल्या माणसासारखी गत होते. वक्ता रटाळ निघाला, गायक बेसूर निघाला, तर ते त्यांचं त्यांच्यापाशी. शिट्टी मात्र साउंडवाल्याची. मुरलेला साउंडवाला ती येण्याआधीच ओळखतो. आवाजाला एक बारीक धार चढते, तेव्हाच त्याचं बोट खाली आलेलं असतं.

मला ती धार ऐकू येत नाही.

हे वाक्य आज इथे सरळ लिहून टाकलं, पण बराच काळ ते माझ्या बायकोखेरीज आणि माणगावच्या कानाच्या डॉक्टरांखेरीज कुणाला माहीत नव्हतं. लोकांना कळलं तर धंदा संपला, अशी माझी खात्री होती. ड्रायव्हरनं चष्मा लावला तर प्रवासी काही बोलत नाहीत. पण कानात मशीन घातलेला साउंडवाला लग्नाला कोण बोलावेल? म्हणून लपवलं. आणि ते उघडं पडलं एका अशा वाद्यामुळे, ज्याच्याइतकं हळू बोलणारं वाद्य माझ्या माईकपुढे कधी आलं नव्हतं.

मी बोर्ली पंचतनचा. वडील शाळामास्तर. आमच्या वस्तीत जयंतीला दरवर्षी भाड्यानं भोंगा यायचा आणि तो घेऊन येणारा माणूस ऐन भाषणात झोपून जायचा. एका वर्षी वडिलांचं भाषण चालू असताना भोंगा मुका झाला. मी शाळकरी होतो. मागे जाऊन वायर हलवली, ती कुठे सैल आहे ते सापडलं, दाबून धरली, आणि वडिलांचा आवाज पार भातखाचरांपलीकडे गेला. भाषण संपेपर्यंत मी ती वायर सोडली नाही. त्या दिवसानंतर मला दुसरं काही करायचं नव्हतं. वडिलांच्या मनात सरकारी नोकरी होती, पण त्यांनी अडवलं नाही. एवढंच म्हणाले, "लोकांचा आवाज मोठा करणार आहेस, तर आधी नीट ऐकत जा."

हे वाक्य पुढे मला फार छळणार होतं.

लोकांना वाटतं आमचं काम आवाज वाढवायचं. खरं काम आहे कुणाला काय ऐकू यावं हे ठरवायचं. बोर्डवर प्रत्येक माईकसाठी एक वरखाली सरकणारी पट्टी असते, तिला आम्ही फेडर म्हणतो. शिवाय जाड आवाज, बारीक आवाज आणि इको यांच्या वेगळ्या चाव्या असतात. आमच्या भागात इकोवर लोकांचं फार प्रेम. हळदीला गाणारा भावोजी पहिलं वाक्य म्हणतो, "इको वाढव." मी वाढवतो. एकदा हळदीचा बोर्ड तसाच उचलून सकाळी शोकसभेला नेला आणि इको कमी करायला विसरलो. पहिले वक्ते उठले आणि म्हणाले, "आपले मित्र आपल्यातून निघून गेले." मंडपभर "गेले… गेले… गेले…" असं घुमलं. मागच्या रांगेतल्या माणसांनी खांदे हलू नयेत म्हणून माना खाली घातल्या. सभा संपल्यावर मी त्या घरच्या बाईंची माफी मागायला गेलो. मला वाटलं आता काय ऐकावं लागतंय. त्या डोळे पुसत म्हणाल्या, "राहू दे रे. ते असते तर सगळ्यांत आधी तेच हसले असते." अजून त्या बाजारात दिसल्या की मी रस्ता बदलतो आणि त्या मुद्दाम हाक मारतात.

दुसरं गिऱ्हाईक आठवतं ते एक वधूपिता. त्यांचं दिघीजवळ घर आणि व्याह्यांची भावकी खाडीपलीकडे आगरदांड्याला. त्यांची एकच अट होती. बँड इकडे वाजला की तिकडे ऐकू गेला पाहिजे. मी स्पीकरच्या बॉक्सवर बॉक्स चढवले. आवाज कसा लागतोय हे समोर उभं राहिल्याशिवाय कळत नाही, म्हणून स्वतः बॉक्सच्या तोंडाशी उभा राहिलो, दरवेळी राहतो तसा. खाडीपलीकडे ऐकू गेला. शेजारच्या घरात एक बाई नुकतीच बाळंत होऊन आली होती, तिनं बाळाच्या कानांत कापूस घातला होता, हे मला नंतर कळलं. मी त्या घरी खेळणं घेऊन गेलो. बाळाच्या आजीनं ते घेतलं आणि विचारलं, "वाजत तर नाही ना हे?"

मी असा सावकाश बहिरा झालो. दुखलं नाही, खुपलं नाही. एका संध्याकाळी ओट्यावर बसलो असताना मी बायकोला, सुलभाला म्हटलं, यंदा रातकिडे कसे नाहीत? ती तांदूळ निवडत होती. तिनं हात थांबवून माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "अहो, रातकिड्यांनी नुसता उच्छाद मांडलाय."

डॉक्टरांनी एका बंद खोक्यासारख्या खोलीत बसवून आवाज ऐकवले. खालचे सगळे मला ऐकू येत होते. वर जाता जाता एका ठिकाणी शांतता सुरू झाली ती संपलीच नाही. हे मोठ्या आवाजामुळे झालंय, गेलेलं परत यायचं नाही, मशीननं थोडा उपयोग होईल, असं ते म्हणाले. म्हणजे माणसं बोलतात ते मला कळत होतं, समुद्राची गाज, ढोल, ट्रकचं इंजिन सगळं नीट येत होतं. गेलं होतं ते वरचं बारीक. आणि आमच्या धंद्यात सगळा धोका त्या वरच्या बारीक आवाजातच राहतो.

मी धंदा बंद करायला हवा होता, निदान कुणाला तरी सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी सुलभाला कामाला लावलं.

सुलभा अंगणवाडीत शिकवते. तिला बोर्डमधलं काही कळत नव्हतं, पण कान तिखट. आम्ही खुणा ठरवल्या. ती समोर तिसऱ्या-चौथ्या रांगेत कडेला बसणार. तिनं पदर खांद्यावर ओढून घेतला की आवाज थोडा कमी. पदर कमरेला खोचला की वाढव. आणि कानातल्या कुडीला बोट लावलं की वरचा बारीक आवाज बोचतोय, शिट्टी जवळ आली आहे, ताबडतोब कापायचा. कार्यक्रम चालू असेपर्यंत मी तिच्यावरून नजर काढायचो नाही. बायकांच्या हे ध्यानात आलं. कोणी म्हणायच्या, सुलभाताई, तुमचे मालक या वयातसुद्धा काय हो टक लावून बघतात. कोणी त्यावरून आपल्या नवऱ्यांना टोमणे मारायच्या. सुलभा लाजायची. लोकांना ते लाजणं खरं वाटायचं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. दिवसभर तीस पोरांना सांभाळून आलेली बाई लग्नाच्या मंडपात जेवायचं सोडून माझ्यासाठी पदर ओढत-खोचत बसायची.

असे दिवस चालले असताना भाऊ बापटांचा फोन आला. भाऊ माझ्या वडिलांबरोबर एकाच शाळेत मास्तर होते. समुद्राच्या अंगाला त्यांची नारळ-सुपारीची वाडी आहे. त्यांची पुतणी गौरी कित्येक वर्षं परदेशात होती. नोकरीला गेली होती, ती नोकरी सोडून ल्यूट नावाचं तारांचं वाद्य शिकली. आता हिवाळ्यात महिनाभर घरी आली होती आणि भाऊंच्या मनात होतं की गावानं तिचं वाजवणं ऐकावं. गाव म्हणजे कोणी दहा जाणकार नव्हेत, सगळं गाव. "प्रकाश, साउंड तुझा," ते म्हणाले, "पण वाद्य नाजूक आहे. तुझ्याशिवाय कुणाला जमायचं नाही." मी हो म्हटलं. त्यांच्या विश्वासाला नाही कसं म्हणायचं ते कळलं नाही, आणि थोडा मोहही झाला.

आदल्या दिवशी मी सामान घेऊन गेलो. सुलभा सोबत होतीच. गौरीनं पेटी उघडून वाद्य बाहेर काढलं. दुधीभोपळा उभा चिरून त्याची अर्धी फोड घ्यावी तशी त्याची पाठ. ती पाठ लाकडाच्या पातळ पट्ट्या जोडून केलेली. पोटावर भोक असतं तिथे कोरीव जाळी. आणि मान शेवटी एकदम मागे मोडलेली, की पाहणाऱ्याला वाटावं पडून मोडली असेल. युरोपात चारशे-पाचशे वर्षांपूर्वी हे घराघरात वाजायचं, पुढे मोठ्या आवाजाची वाद्यं आली तसं मागे पडलं, असं तिनं सांगितलं. मोठ्या आवाजाची वाद्यं म्हणताना तिनं माझ्या बॉक्सकडे पाहिलं नाही, पण मी पाहिलं.

तारा बकऱ्याच्या आतड्याच्या. हे ऐकून भाऊ एकदम दोन पावलं मागे सरले. "आमच्या घरात?" गौरी हसून म्हणाली, "काका, गेला आठवडाभर तुमच्या देवघरालगतच्या खोलीत ठेवलंय." भाऊंनी डोळे मिटले आणि ल्यूट हे संगीताचं वाद्य असल्यामुळे चालेल असा निकाल दिला.

बहुतेक तारा जोडीजोडीनं होत्या. सगळ्यांत वरच्या सुराची तार मात्र एकटी. सुराला वरची, पण वाद्य मांडीवर धरलं की सगळ्यांत खाली येणारी. "ही सारखी तुटते," गौरी म्हणाली, "आपल्या दमट हवेत तर फारच. तिला जपावं लागतं." सुलभानं वाकून ती तार पाहिली आणि म्हणाली, "बिचारी एकटीच का?" गौरीनं सांगितलं की ती गाते, बाकीच्या तिला साथ देतात, पण साथ म्हणजे मागे उभं राहणं नाही. या संगीतात तीन-चार आवाज एकाच वेळी चालतात आणि प्रत्येकाचं स्वतःचं म्हणणं असतं. "पाणवठ्यावरून चार बायका परत येताना बोलतात ना वहिनी, तसं. एक बोलते, दुसरी तिचं वाक्य उचलते, तिसरी मध्येच आपलं काढते. आणि चौघी चालतात मात्र एका चालीनं." सुलभाला ते एकदम पटलं.

गौरीला माईक नको होता. हे वाद्य खोलीत, जवळ बसून ऐकायचं असतं, असं तिचं म्हणणं. पण भाऊंनी कार्यक्रम ठेवला होता सुपारी वाळवायच्या खळ्यात, उघड्यावर. वर नुसता मांडव. सुरूच्या बनापलीकडे समुद्र गाजत होता. खुर्च्या शंभरावर लावलेल्या. उघड्यावर आवाजाला परत फिरवणारी भिंत नसते, तो निघतो आणि जातो. शेवटी एक माईक, अगदी थोडा उघडलेला, एवढ्यावर दोघांची तडजोड झाली.

तिनं वाजवून दाखवलं. मला खालच्या तारा ऐकू आल्या. गोल, लाकडी, आतून आल्यासारख्या. त्या थांबत थांबत चालल्या होत्या. एखाद्या घराच्या नुसत्या पायऱ्या दिसाव्यात आणि वर घर दिसू नये, तसं वाटलं. वरच्या तारेवर तिची बोटं चांगली भराभर चालत होती. तिथून माझ्यापर्यंत काही येत नव्हतं. सुलभानं मात्र श्वास रोखला होता.

गौरीनं विचारलं, "कसं वाटतंय, प्रकाशदादा? वरची तार टोचत नाही ना?"

मी म्हटलं, "एक नंबर."

खोटं मी पूर्वीही बोललो होतो. पण त्या बाईनं इतक्या भरवशानं विचारलं होतं आणि मी इतक्या सहज उत्तर दिलं, की त्या रस्त्यानं घरी येताना मला गाडी नीट चालवता येईना. सुलभा म्हणाली, "तिला सांगून टाका." मी म्हटलं, कार्यक्रम पार पडला की सांगतो. ती गप्प बसली. तिचं गप्प बसणं मला चांगलं ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलायला लागल्यावर लोक जमले. वाडीतली गडीमाणसं आली, शाळेचे मास्तर, बाजारातले दुकानदार, अंगणवाडीच्या बायका, आणि परदेशी बाजा म्हणून कुतूहलानं आलेली तरुण मंडळी. मागच्या रांगेत बाबू पाटील बसला. हा एसटीचा निवृत्त ड्रायव्हर, माझा जुना दोस्त. जिथे जाईल तिथे मागे बसणार आणि आवाज येत नाही म्हणून हात हलवणार, अशी त्याची ख्याती. सुलभा कडेला चौथ्या रांगेत बसली, मला नीट दिसेल अशी. मी बोर्डमागे. माझ्या पाठीशी सुपारीची झाडं.

भाऊ दोन वाक्यं बोलले आणि गौरीनं सूर लावायला घेतले. ते बराच वेळ चाललं, कारण हवेतल्या ओलीनं तारा बसत नव्हत्या. मागून बाबू मोठ्यानं म्हणाला, "गाडी गरम करतेय." लोक हसले, गौरीही हसली, आणि त्या हसण्यातच तिनं पहिली चीज सुरू केली.

पहिल्या दोन चिजा बिनघोर गेल्या. सुलभानं एकदा पदर खांद्यावर घेतला, मी आवाज केसभर उतरवला. मग तिनं पुन्हा खाली सोडला. एकदा कुडीला बोट लागलं, मी वरचा आवाज कापला, बोट खाली आलं. मला वाटलं, निभावतंय.

तिसरी चीज संथ होती. खालच्या तारा आता फार दूरदूर पडत होत्या. मी सुलभाकडे पाहिलं. तिचे हात मांडीवर होते. पदर जिथल्या तिथे. मग माझ्या लक्षात आलं की तिचे डोळे मिटलेले आहेत.

इतक्या कार्यक्रमांत तिनं कधी डोळे मिटले नव्हते. भैरवीला नाही, आरतीला नाही. मी तिच्याकडे पाहत राहिलो. ती उघडीना. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही, पण मला तिचा हेवा वाटला एवढं खरं. तेवढ्यात मागे बाबूचा हात वर झाला. तळवा वरखाली, वरखाली. आवाज वाढव. त्याच्या शेजारच्या एक-दोघांनीही हात केले. समुद्राला भरती होती, गाज मोठी झाली होती. ती मला चोख ऐकू येत होती. मी फेडर थोडा वर केला. बाबूचा हात थांबेना. सुलभाकडे पाहिलं, खूण नाही. खूण नाही म्हणजे ठीक आहे. मी आणखी वर केला.

पुढच्या रांगेतल्या एका बाईनं कानावर हात ठेवला. मग दुसऱ्या माणसानं. मग सगळ्या माना वळल्या आणि माझ्या दिशेनं पाहायला लागल्या. मला वाटलं माझ्या मागे काहीतरी झालं असावं. मी वळून पाहिलं. मागे सुपारीची झाडं, बाकी काही नाही. पुन्हा पुढे पाहिलं तर गौरीची बोटं थांबली होती आणि बाबू दोन्ही हात खाली, खाली करत होता, आणि मला अजून काही ऐकू येत नव्हतं.

सुलभा उठली. खुर्च्यांमधून वाट काढत, कुणाच्या पायाला पाय लागतोय याची पर्वा न करता ती सरळ बोर्डाशी आली. तिनं माझ्या हातावर हात ठेवला आणि फेडर खाली ओढला. सगळ्या गावादेखत.

माईक अजून थोडा उघडा होता. त्यामुळे गौरीनं जे विचारलं ते तिनं अगदी हळू विचारूनही सगळ्या खळ्यात पसरलं. "प्रकाशदादा, तुम्हाला शिट्टी ऐकू आली नाही?"

माझ्यासमोर माईक नव्हता. मी म्हटलं, "नाही."

मागून बाबूचा आवाज आला, "काय म्हनतोय? आवाज न्हाय येत!"

आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज मोठे केले. आता स्वतःचा करावा लागला. मी उभा राहिलो आणि ओरडून म्हणालो, "मला वरचं ऐकू येत नाही! दोन-अडीच वर्षं झाली! मी कुणाला सांगितलं नाही. तुमच्या लग्नांना आलो, मयताच्या सभांना आलो, सगळीकडे सुलभाच्या खुणांवर भागवलं. माझं चुकलं."

सुलभाचा हात अजून माझ्या हातावर होता. मला वाटलं आता भाऊ उठतील आणि सांगतील, सामान उचल. भाऊ उठले खरे. म्हणाले, "अरे, माझा डावा कान गेल्याला किती वर्षं झाली. हिला विचार." त्यांच्या बायकोनं मान हलवली आणि म्हणाली की तो त्यांच्या सोयीनं जातो आणि येतो.

बाबू मागून म्हणाला, "मंग सांगायचं न्हाय व्हय रं प्रकाश? माजा पन इंजनाशेजारी बसून गेलाय. म्हनून तर हात दाखवतोय मगापासून."

म्हणजे एका बहिऱ्याच्या हातावर विसंबून दुसऱ्या बहिऱ्यानं आवाज चढवला होता. लोक हसले. त्या हसण्यात मला टोचेल असं काही नव्हतं, तरी माझे डोळे भरून आले. सगळेच हसले असंही नाही. हळदीला माझ्याकडे इको मागणारा एक जण उठून गेला, त्याच्या घरचं पुढच्या महिन्यातलं काम नंतर दुसऱ्याला गेलं. ते बरोबरच होतं.

गौरी उठून माझ्याजवळ आली. तिला राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "काल मी विचारलं होतं तुम्हाला." एवढंच. मी मान खाली घातली. मग ती लोकांकडे वळली आणि म्हणाली की माईक बंद करू या, खुर्च्या पुढे घ्या, मांडवाखाली जेवढं जवळ बसता येईल तेवढं बसा. एकच गडबड उडाली. खुर्च्या उचलल्या गेल्या, बायकांनी खाली चटया अंथरल्या, बाबूला धरून पुढे आणलं आणि गौरीच्या पायाशी बसवलं. काही तरुण मंडळी तेवढ्यात सटकली. उरलेल्यांचा एक गच्च गोल झाला. समुद्र होता तिथेच होता, पण आता तो त्या गोलाच्या बाहेर राहिला.

मी बोर्डची वीज बंद केली. त्यावरचे दिवे गेले. जाऊन कुठे बसावं कळेना, म्हणून तिथेच मेलेल्या बोर्डमागे बसून राहिलो. सुलभा गोलाच्या माझ्या बाजूच्या कडेला चटईवर बसली, माझ्याकडे तोंड करून. सवय.

गौरीनं तीच संथ चीज पुन्हा पहिल्यापासून घेतली. खालच्या तारा आल्या. त्या पायऱ्या. त्यांच्या मधल्या जागा मला काल रिकाम्या वाटल्या होत्या, तशाच आजही होत्या. मी गौरीच्या बोटांकडे पाहत होतो आणि त्या बोटांना काय म्हणायचं आहे याचा अंदाज करत होतो.

तेवढ्यात सुलभानं कुडीला बोट लावलं.

माझा हात झटकन बोर्डकडे गेला. वरचा आवाज कापायला. चावी फिरली आणि काहीच झालं नाही, बोर्ड बंदच होता. मी घाबरून तिच्याकडे पाहिलं. तिनं मान हलवली, नाही. आणि बोट कुडीवरच ठेवलं. मग थोड्या वेळानं उचललं. पुन्हा ठेवलं. आता जास्त वेळ. तिच्या ओठांवर हसू होतं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. ती एकटी तार गात होती. ती गात असेल तितका वेळ सुलभाचं बोट कुडीवर राहत होतं आणि ती थांबली की खाली येत होतं. मी डोळ्यांनी सुलभाच्या कानाकडे पाहत होतो आणि कानानं खालच्या तारा ऐकत होतो, आणि त्या रिकाम्या जागा भरत गेल्या. काय गात होती ते मला अजून माहीत नाही. पण कुठे गात होती ते प्रत्येक वेळी कळलं.

आता मी कानात मशीन घालतो. त्यातून रातकिडे ऐकू येतात, पण पत्र्याच्या डब्यात कोंडल्यासारखे. कामं कमी झाली, आहेत ती चालतात. बोर्डवर सुलभा बसते. अंगणवाडी सुटल्यावरची कामं आणि रविवारची, एवढीच आम्ही घेतो. वायरी ओढणं, बॉक्स उचलणं माझ्याकडे. ती आवाज फार चढवत नाही, वधूपित्यांनाही नाही, आणि इको तर मागूनही मिळत नाही. एका वधूपित्यानं माझ्याकडे तिची तक्रार केली. मी म्हटलं, मला ऐकू येत नाही.

कार्यक्रम सुरू झाला की मी तिच्या जुन्या जागी जाऊन बसतो, चौथ्या रांगेत, कडेला. तिथून ती स्वच्छ दिसते. खुणांची आता गरज उरलेली नाही. तिचा एक हात फेडरवर असतो. पण मधूनच कुणी पोरगी छान वरचा सूर लावते, किंवा बासरी कुठेतरी उंच जाते, आणि सुलभाचा दुसरा हात सावकाश वर येतो आणि कुडीवर थांबतो. मग मी मान डोलावतो. शेजारच्यांना वाटतं, मला ऐकू आलं.